जुन्या फ्लॅट-स्क्रीन टीव्हीची किंमत आणि घसारा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने टीव्ही तपासून त्यांची रास्त किंमत सांगण्याचे काम करताना तेच ते प्रश्न फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि समोरासमोर पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांपैकी सर्वांच्या उपयोगाचे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल, आणि एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. किमतीची टक्केवारी हा पुण्या-मुंबईकडच्या जुन्या बाजारातील व्यवहार पाहून बांधलेला माझा ठोकताळा आहे. तो दरपत्रक म्हणून वापरू नये.

1. चार वर्षांपूर्वी 52,000 रुपयांना घेतलेल्या टीव्हीला आज वीस हजारसुद्धा का येत नाहीत?

कारण जुन्या टीव्हीची किंमत तुमच्या बिलावरून ठरत नाही. तशाच आकाराचा आणि तशाच दर्जाचा नवा टीव्ही आज दुकानात कितीला मिळतो, यावरून ती ठरते. ज्या टीव्हीसाठी तुम्ही 52,000 रुपये मोजले, त्याच तोडीचा नवा संच आज 36,000 रुपयांना वॉरंटीसह मिळत असेल, तर घेणारा माणूस हिशेब 36,000 पासून खाली करत जातो. मधले 16,000 रुपये टीव्ही न वापरताही गेलेच असते. विकणाऱ्याला हे पटायला जड जाते, आणि ते मी समजू शकतो, कारण बहुतेक घरांत टीव्ही ही विचारपूर्वक, पैसे साठवून घेतलेली वस्तू असते. तरीही भाव सांगण्यापूर्वी जुने बिल बाजूला ठेवून आजची दुकानातली किंमत पाहावी. या एका सवयीने निम्मी घासाघीस वाचते.

2. मग ढोबळ हिशेब नेमका कसा करायचा?

आज मिळणाऱ्या तुल्यबळ नव्या टीव्हीची प्रत्यक्ष विक्रीची किंमत घ्यावी. खोक्यावर छापलेली कमाल किंमत घेऊ नये. टीव्ही एक वर्षाच्या आतला असेल, वॉरंटी शिल्लक असेल आणि बिल, खोके, रिमोट असे सर्व जागेवर असेल, तर त्या किमतीच्या 60 ते 65 टक्के मिळणे रास्त आहे. वॉरंटी संपलेला दोन-तीन वर्षांचा संच 45 ते 50 टक्क्यांवर येतो आणि चार-पाच वर्षांचा 25 ते 35 टक्क्यांवर. सात वर्षांनंतर टक्केवारीला फारसा अर्थ उरत नाही. तेव्हा संच चालतो की नाही आणि आकार किती, एवढ्यावरच ठोक भाव सांगितला जातो.

या आकड्यांतून मग वजावट करावी. मूळ रिमोट नसेल, पाय हरवले असतील, एखादे एचडीएमआय पोर्ट बंद असेल तर त्या त्या दुरुस्तीचा खर्च वजा होतो. चित्रातच दोष असेल तर हा हिशेब लागूच पडत नाही. त्यासाठी प्रश्न 8 पाहावा.

3. फ्रीज दहा वर्षांनीही बऱ्या किमतीला जातो, मग टीव्हीचाच भाव इतका झपाट्याने का उतरतो?

पहिले कारण पॅनेलचे आहे. टीव्हीच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा पडद्याच्या पॅनेलचा असतो, आणि कारखाने मोठे होत गेले तशी मोठ्या आकाराची पॅनेल स्वस्त होत गेली. दुसरे कारण असे की फ्रीजचा कॉम्प्रेसर बदलून तो पुन्हा उभा करता येतो. टीव्हीचे पॅनेल फुटले तर नवे पॅनेल बसवण्याचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळपास जातो. म्हणजे जुना टीव्ही घेणारा माणूस एक मोठी जोखीम विकत घेत असतो आणि त्या जोखमीची किंमत तो तुमच्या भावातून कापतो. तिसरे कारण सॉफ्टवेअरचे, ज्याबद्दल प्रश्न 6 मध्ये सविस्तर लिहिले आहे.

4. सप्टेंबर 2025 मध्ये टीव्हीवरचा जीएसटी कमी झाला. त्याचा माझ्या जुन्या टीव्हीशी काय संबंध?

थेट संबंध आहे. जुलै 2017 मध्ये जीएसटी लागू झाला तेव्हा टीव्हीवर 28 टक्के कर होता. 1 जानेवारी 2019 पासून 32 इंचांपर्यंतच्या संचांवर तो 18 टक्के झाला, पण त्याहून मोठे संच 28 टक्क्यांतच राहिले. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठे संचही 18 टक्क्यांत आले. आता हिशेब पाहा: 28 टक्के करासह 40,000 रुपयांना मिळणाऱ्या टीव्हीची करापूर्वीची किंमत 31,250 रुपये होती, त्यावर 18 टक्के कर धरला की तोच टीव्ही 36,875 रुपयांना बसतो. नवा संच 3,125 रुपयांनी उतरला, म्हणून निम्म्या किमतीला जाणारा जुना संचही साधारण पंधराशे रुपयांनी उतरला. 32 इंची आणि त्याहून लहान संचांना या बदलाचा फटका बसला नाही, कारण त्यांचा कर आधीच कमी होता.

5. बिल हरवले आहे. टीव्ही किती जुना आहे हे कसे सिद्ध करू?

मागच्या बाजूला चिकटवलेल्या लेबलवर मॉडेल क्रमांक आणि सिरीयल क्रमांक असतो आणि बहुतेक वेळा उत्पादनाचा महिना व वर्षही छापलेले असते. लेबल फाटले असेल तर सेटिंग्जमधील माहितीच्या पानावर मॉडेल क्रमांक सापडतो. काही कंपन्यांच्या क्रमांकातच वर्ष दडलेले असते. सॅमसंगच्या नेहमीच्या 4के संचांत टीयू म्हणजे 2020, एयू म्हणजे 2021, बीयू म्हणजे 2022, सीयू म्हणजे 2023 आणि डीयू म्हणजे 2024 ची मालिका. एलजीच्या संचांत यूएन 2020, यूपी 2021, यूक्यू 2022, यूआर 2023 आणि यूटी 2024. मात्र हे मालिकेचे वर्ष झाले. 2022 ची मालिका दुकानातून 2023 मध्येही विकली गेलेली असू शकते. ऑनलाइन खरेदी असेल तर त्या खात्यातून बिल पुन्हा काढता येते, आणि बिल असलेल्या संचाला चोरीच्या मालाची शंका चिकटत नाही, म्हणून तेवढे कष्ट जरूर घ्यावेत.

6. चित्र उत्तम आहे, पण ॲप चालत नाहीत. किंमत किती कमी धरायची?

वजावट लोकांना वाटते त्यापेक्षा कमी धरावी. स्मार्ट टीव्हीतील सॉफ्टवेअर पॅनेलच्या कितीतरी आधी म्हातारे होते. डिसेंबर 2019 मध्ये नेटफ्लिक्सने 2010 आणि 2011 सालच्या काही सॅमसंग स्मार्ट टीव्हींवर चालणे बंद केले, तेव्हा त्या संचांची चित्रे व्यवस्थितच होती. अशा टीव्हीला एचडीएमआयमध्ये बसणारी स्ट्रीमिंग स्टिक लावली की तो पुन्हा कामाचा होतो. म्हणून वजावट फार तर त्या स्टिकच्या किमतीएवढी असावी. घेणारा माणूस "स्मार्ट बंद आहे" म्हणून निम्मा भाव सांगू लागला, तर त्याला हा हिशेब नम्रपणे दाखवावा. ज्यांच्या घरी केबल, डीटीएच किंवा डीडी फ्री डिशचा बॉक्स आहे, त्यांना तर टीव्हीतील ॲपची गरजच पडत नाही, आणि जुन्या टीव्हीचे बरेच ग्राहक हेच असतात.

7. प्लाझ्मा, थ्रीडी, वक्र पडदा किंवा जुना जाड एलसीडी यांना काही मोल आहे का?

फार थोडे. पॅनासोनिकने 2013 अखेर प्लाझ्माचे उत्पादन आटोपते घेतले आणि 2014 मध्ये सॅमसंग व एलजीही त्यातून बाहेर पडल्या. त्यामुळे सुटे भाग मिळत नाहीत. सोनी आणि एलजी यांनी 2017 च्या संचांतून थ्रीडी काढून टाकले, म्हणजे त्या सोयीसाठी आज कोणी वेगळे पैसे देत नाही. वक्र पडद्याचेही तसेच.

जाड एलसीडीबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यांत उजेडासाठी बारीक ट्यूब असतात आणि त्या ट्यूबमध्ये पारा असतो. त्यामुळे असा संच घरी उघडू नये व भंगारात फोडायला देऊ नये (प्रश्न 19).

8. कोणत्या बिघाडाने किंमत शून्यावर येते आणि कोणता बिघाड किरकोळ असतो?

हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण येथेच लोक सर्वाधिक फसतात. किरकोळ बिघाड असलेला संच भंगाराच्या भावात देऊन टाकतात आणि मेलेले पॅनेल असलेला संच दुरुस्तीच्या आशेने विकत घेतात.

पॅनेल फुटले असेल, म्हणजे काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ किंवा शाई सांडल्यासारखा काळा डाग असेल, तर संचाची किंमत फक्त आतल्या बोर्डांची. मेकॅनिक असा संच त्यातील पॉवर सप्लाय, मुख्य बोर्ड आणि टी-कॉन बोर्ड (पॅनेलला चित्राचे सिग्नल देणारा बोर्ड) काढून घेण्यासाठी नेतो. नशीब चांगले असेल तर काही शे रुपये ते दीड-दोन हजार मिळतात.

आवाज येतो पण चित्र दिसत नाही, या तक्रारीवर मात्र लगेच हार मानू नये. खोलीत अंधार करावा, टीव्ही सुरू करावा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला अगदी जवळून तिरका दाखवावा. टॉर्चच्या वर्तुळात चित्र हलताना पुसट दिसले, तर पॅनेल बहुधा शाबूत आहे आणि मागच्या एलईडीच्या पट्ट्या गेल्या आहेत. पट्ट्या बदलणे ही रोजची दुरुस्ती आहे. मागे एका निवृत्त शिक्षकांनी 43 इंची टीव्ही भंगारवाल्याला देण्यासाठी जिन्यात आणून ठेवला होता. त्याच्यावर मी टॉर्च मारला तेव्हा बातम्यांची पट्टी सरकताना स्वच्छ दिसली. पट्ट्या बदलून तो संच त्यांच्याच घरी पुन्हा लागला.

पडद्यावर पांढरे, गोल, चमकणारे ठिपके दिसत असतील तर मागच्या एलईडींवरची प्लास्टिकची भिंगे सुटून पडलेली असतात; तेही दुरुस्त होते. सगळे चित्र निळसर-जांभळे दिसत असेल तर एलईडी जीर्ण झाल्या आहेत आणि पट्ट्या बदलाव्या लागतील. उभी रेघ किंवा पडद्याच्या एका भागात पसरलेल्या रेघा असतील तर पॅनेलच्या कडेला चिकटवलेल्या फिल्मचा जोड सैल झालेला असू शकतो. त्याला मेकॅनिक बाँडिंग म्हणतात; ते यंत्रावर होते, पण टिकेलच याची खात्री कोणी प्रामाणिक माणूस देत नाही. म्हणून रेघ असलेल्या संचाचा भाव प्रश्न 2 मधील भावाच्या पाव हिश्शापेक्षा जास्त देऊ नये.

9. ओएलईडी टीव्ही महाग असतात. जुना ओएलईडी घेणे फायद्याचे आहे का?

असू शकते, पण तपासल्याशिवाय नाही. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि वापराने झिजतो. ज्या घरात दिवसभर एकच वृत्तवाहिनी लावलेली असते, तेथे कोपऱ्यातले बोधचिन्ह आणि खालची लाल पट्टी पडद्यावर कायमची उमटते. पूर्ण लाल आणि पूर्ण करडा असे दोन पडदे यूट्यूबवरून लावून पाहावेत. ठसा असेल तर तेथेच दिसतो. ठसा नसलेला तीन वर्षांचा ओएलईडी मला नव्या स्वस्त एलईडीपेक्षा केव्हाही बरा वाटतो. क्यूएलईडी हे नाव सारखे वाटले तरी तो मागून उजेड देणारा एलसीडीच असतो. हा ठशाचा धोका त्याला जवळपास नाही.

10. जुना टीव्ही विकत घ्यायला गेल्यावर काय काय पाहावे?

दिवसाउजेडी जावे, पण पडदे ओढून खोली अंधारी करण्याची विनंती करावी. संच आधीच सुरू करून ठेवलेला असेल तर बंद करून थंड होऊ द्यावा आणि मग स्वतः सुरू करावा, कारण काही दोष थंड असताना दिसतात आणि काही अर्ध्या तासाने संच गरम झाल्यावर. म्हणून निदान अर्धा-पाऊण तास बसण्याच्या तयारीनेच जावे. त्या वेळेत पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा आणि करडा असे एकेक रंगाचे पडदे लावून पाहावेत. कोपरे काळवंडलेले आहेत का, करड्या रंगात उभे पट्टे दिसतात का, एखादा ठिपका सतत पेटलेला आहे का, हे तेव्हाच कळते.

मग प्रत्येक एचडीएमआय आणि यूएसबी पोर्ट वापरून पाहावे. आपली पेन ड्राइव्ह आणि केबल बरोबर न्यावी. वायफाय जोडून पाहावे. स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवून खरखर ऐकावी. मागे फिरून स्क्रू पाहावेत: डोकी घासलेली असतील तर संच उघडला गेला आहे. उघडलेला संच वाईटच असतो असे नाही, पण काय दुरुस्त केले ते विचारावे.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधतो. दुहेरी किंवा थरथरते चित्र देणाऱ्या पॅनेलच्या एका बाजूचे सिग्नल कापून किंवा त्यावर टेप लावून संच तात्पुरता चालू करण्याची युक्ती बाजारात सर्रास चालते. असा संच स्थिर चित्रात चांगला दिसतो. क्रिकेटचा सामना किंवा खाली सरकणारी बातम्यांची पट्टी लावून पाहिली की कडा फाटल्यासारख्या दिसतात. ते दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवावा.

11. आमचा टीव्ही समुद्राजवळ वापरलेला आहे. त्याचा फरक पडतो का?

पडतो. रत्नागिरी, मालवण, अलिबाग, मुंबईची किनारपट्टी किंवा गोवा येथे खारी हवा आणि पावसाळ्यातील ओल यांमुळे बोर्डांवरचे जोड गंजतात. असा संच उघडला की कनेक्टरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखी पूड दिसते. कधी पालीने किंवा मुंग्यांनी आत घर केलेले असते. पावसाळ्यात टीव्ही अनेक दिवस बंद ठेवलेल्या घरांतील संचांची अवस्था रोज वापरलेल्या संचांपेक्षा वाईट असते, कारण चालू टीव्हीची ऊब आतली ओल घालवते. घाटावरच्या तशाच संचापेक्षा असा संच मी दहा टक्क्यांनी कमी धरतो. पिना स्वच्छ असतील तर ती वजावट करत नाही.

12. शोरूममधील डिस्प्लेचा टीव्ही सवलतीत मिळतो आहे. तो नवा समजावा की जुना?

जुना समजावा. शोरूममधील संच रोज दहा-अकरा तास पूर्ण उजेडावर चालतो. अकरा तासांप्रमाणे वर्षाचे सुमारे चार हजार तास होतात. घरी रोज चार तास टीव्ही पाहणाऱ्या कुटुंबाला तेवढ्या तासांसाठी पावणेतीन वर्षे लागतात. वॉरंटी पूर्ण आणि नव्या बिलावर मिळत असेल तर वीस-पंचवीस टक्के सवलतीत घेण्यास हरकत नाही. वॉरंटीशिवाय असेल तर प्रश्न 2 मधील दोन-तीन वर्षांच्या संचाचा भाव लावावा. हॉटेल, हॉस्पिटल आणि दुकानांतून निघालेल्या संचांनाही हाच हिशेब लागू आहे.

13. दुकानात एक्सचेंजला द्यावा की स्वतः विकावा?

एक्सचेंजचा खरा भाव ओळखण्याची एकच रीत आहे. दुकानदाराला आधी जुन्या टीव्हीबद्दल काहीही न सांगता नव्या टीव्हीची शेवटची किंमत विचारावी, आणि नंतर एक्सचेंजसह किंमत विचारावी. या दोहोंतील फरक म्हणजेच तुमच्या टीव्हीला मिळणारा भाव. पाटीवर लिहिलेला बोनस हा भाव नव्हे. हा फरक बहुतेक वेळा बाजारभावापेक्षा कमी असतो. तरीही सहा-सात वर्षांचा 32 इंची संच असेल तर मी एक्सचेंजच सुचवतो, कारण त्यासाठी दहा अनोळखी माणसांना घरी बोलावण्याचा त्रास भरून निघत नाही. ऑनलाइन एक्सचेंज करताना अटी नीट वाचाव्यात. संच न्यायला येणारा माणूस दारात तो तपासतो आणि रेघ किंवा तडा दिसल्यास एक्सचेंज रद्द होते.

14. वर्षात केव्हा विकला तर भाव चांगला येतो?

पुण्यासारख्या शहरात जून-जुलैमध्ये, जेव्हा महाविद्यालये सुरू होतात आणि भाड्याच्या खोल्या भरतात. क्रिकेटच्या हंगामातही मार्चपासून मागणी असते. दसरा-दिवाळी हा विकण्याचा सर्वांत वाईट काळ, कारण तेव्हा नवे संच सवलतीत असतात आणि एक्सचेंजमधून आलेले जुने संच बाजारात साचतात. नेमके त्यामुळेच जुना टीव्ही घेणाऱ्याने दिवाळीनंतरचा महिना गाठावा.

15. ऑनलाइन जाहिरात देऊन विकताना कोणती काळजी घ्यावी?

पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन टाकावा लागत नाही. पिन हा पैसे देण्यासाठीच असतो. "मी सैन्यात आहे, बदली झाली आहे, न पाहताच घेतो, हा कोड स्कॅन करा" असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजून बंद करावा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

संच देण्यापूर्वी सर्व ॲपमधून बाहेर पडून फॅक्टरी रीसेट करावा. अन्यथा तुमचे गूगल खाते, पाहिलेल्या गोष्टींची यादी आणि कधीकधी साठवलेले पैसे भरण्याचे पर्यायसुद्धा नव्या मालकाच्या हाती जातात. साध्या कागदावर मॉडेल, सिरीयल क्रमांक, रक्कम, तारीख आणि "पाहून, तपासून घेतला" हे वाक्य लिहून दोघांनी सही करावी. टीव्ही टेंपोत कधीही आडवा ठेवू नये. तो उभाच न्यावा, पडद्याला बोटांचा दाब देऊ नये. विकलेला चांगला संच दारापासून गाडीपर्यंतच्या वाटेत फुटलेला मी पाहिला आहे आणि त्यानंतरचा वाद मिटवणे फार कठीण जाते.

16. हप्ते अजून चालू आहेत. टीव्ही विकता येईल का?

कर्जाचा करार आधी वाचावा. घरगुती वस्तूंच्या अनेक कर्जांत ती वस्तू कर्ज फिटेपर्यंत वित्त कंपनीकडे तारण असते, आणि अशी वस्तू परवानगीशिवाय विकणे हा कराराचा भंग ठरतो. उरलेले हप्ते एकरकमी भरून ना-हरकत पत्र घ्यावे व मग विकावा. क्रेडिट कार्डावरील हप्त्यांत सहसा तारण नसते, पण टीव्ही गेला तरी हप्ते चालूच राहतात.

17. टीव्ही विकल्यावर कर भरावा लागतो का? आणि व्यवसायातील टीव्हीचा घसारा कसा धरतात?

घरचा टीव्ही ही वैयक्तिक वापराची जंगम वस्तू आहे. आयकर कायद्यानुसार ती भांडवली मालमत्तेत मोडत नाही. म्हणून विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही आणि झालेला तोटाही कोठे दाखवता येत नाही. घरची वस्तू विकणे हा व्यवसाय नसल्यामुळे जीएसटीही लागत नाही.

लॉज, दवाखाना किंवा कार्यालयात लावलेला टीव्ही ही वेगळी बाब आहे. आयकरासाठी तो सर्वसाधारण यंत्रसामग्रीच्या गटात येतो आणि घटत्या शिलकीवर दरवर्षी 15 टक्के घसारा मिळतो. खरेदीच्या वर्षात वापर 180 दिवसांपेक्षा कमी असेल तर निम्मा. 60,000 रुपयांचा टीव्ही पहिल्या वर्षाअखेर 51,000 चा, दुसऱ्या वर्षाअखेर 43,350 चा आणि पाचव्या वर्षाअखेर सुमारे 26,622 रुपयांचा उरतो. बाजारात त्याला तेव्हा पंधरा हजारही येणे कठीण असते. लॉजचे मालक वहीतला आकडा दाखवून भाव मागतात तेव्हा मला हेच समजावून सांगावे लागते की घसारा हा कर मोजण्याचा नियम आहे, त्याचा बाजारभावाशी मेळ बसण्याचे कारण नाही. खरेदीच्या वेळी इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, घेतले असेल तर विक्रीवर जीएसटी भरावा लागतो. ते काम सनदी लेखापालांकडूनच करून घ्यावे.

जुन्या टीव्हीचा धंदा करणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला खरेदीवर क्रेडिट घेतले नसेल, तर पूर्ण विक्रीकिमतीवर नव्हे, खरेदी आणि विक्रीतील फरकावर कर भरण्याची मुभा जीएसटी नियमांतील नियम 32(5) मध्ये आहे.

18. आम्ही परदेशातून कायमचे परत येत आहोत. तेथला टीव्ही आणावा का?

बहुतेकांना मी नको म्हणतो. पूर्वी दुबई-मस्कतहून टीव्ही आणणे फायद्याचे असे, पण 26 ऑगस्ट 2013 पासून प्रवासी सामानातील फ्लॅट टीव्हीची करमुक्त सवलत काढून घेण्यात आली आणि त्यावर 35 टक्के सीमाशुल्क व अधिभार लावण्यात आला. सामान बांधण्यापूर्वी सध्याचा दर तपासून घ्यावा. शिवाय कंपनीची वॉरंटी सहसा त्या त्या देशापुरती असते आणि ते मॉडेल येथे विकले जात नसेल तर सुटे भाग मिळत नाहीत. त्यामुळे पुढे विकताना त्याला तशाच भारतीय संचाच्या निम्मा भाव येतो. अमेरिकेतील संच आणायचाच असेल तर मागचे लेबल वाचावे. 100 ते 240 व्होल्ट लिहिले असेल तर येथे चालेल. फक्त 110 ते 120 व्होल्ट असेल तर ट्रान्सफॉर्मर लावावा लागेल.

19. टीव्ही पूर्ण बंद पडला आहे. भंगारात काय येते?

वजनाने पाहिले तर जुजबी रक्कम येते. ई-कचरा व्यवस्थापन नियम 2022 हे 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि त्यांत टीव्हीचा समावेश आहे. उत्पादक कंपन्यांवर जुन्या संचांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आहे. म्हणून कंपनीच्या ग्राहक सेवेकडे किंवा नोंदणीकृत संकलन केंद्राकडे विचारावे. त्याआधी मात्र प्रश्न 8 मधील टॉर्चची चाचणी एकदा करून पाहावी, आणि जवळच्या मेकॅनिकला बोर्ड हवे आहेत का ते विचारावे. एका संचाच्या बोर्डावर दुसऱ्या कोणाचा तरी टीव्ही पुन्हा सुरू होतो, आणि माझ्या मते वजनकाट्यावर जाण्यापेक्षा तो मार्ग कितीतरी चांगला आहे.

20. आम्ही चौघांनी मिळून भाड्याच्या घरासाठी 28,000 रुपयांचा टीव्ही घेतला होता. दीड वर्षाने एक जण सोडून चालला आहे. त्याला किती द्यायचे?

28,000 ला चाराने भागून 7,000 देणे हे राहणाऱ्यांवर अन्याय करणारे आहे, आणि "तू दीड वर्ष पाहिलास की" म्हणून काहीच न देणे हे जाणाऱ्यावर. आज तसाच नवा टीव्ही कितीला मिळतो ते पाहावे. समजा 24,000 ला मिळतो. दीड वर्षाच्या, निर्दोष पण वॉरंटी संपलेल्या संचाला प्रश्न 2 मधील एक वर्षाच्या आणि दोन-तीन वर्षांच्या संचांच्या मधले 55 टक्के धरले तर 13,200 रुपये होतात, आणि चौथा हिस्सा 3,300 रुपयांचा. त्याच्या जागी येणाऱ्या नव्या मुलाने ते 3,300 थेट जाणाऱ्याला द्यावेत आणि टीव्हीत त्याचा चौथा हिस्सा धरावा. बिल ज्याच्या नावावर आहे तोच जात असेल, तर त्याने मूळ बिल टीव्हीबरोबर घरातच ठेवून जावे.